रेनकोटाखालचा सौदा

ब्लेकनी ब्रदर्स कंपनीच्या नांदेड कचेरीत प्रत्येक खुर्चीला नंबर होता. रेणुकादासच्या खुर्चीलाही होता, आणि त्याचा त्याला एवढा अभिमान होता की घरी पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी तो हा नंबर सांगत असे. कंपनी शेंगांची. इथल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या आणि साता समुद्रापलीकडे धाडायच्या, हा तिचा धंदा. दारावरच्या पाटीवर लंडन, रंगून, मोंबासा, मुंबई अशी नावं एकाखाली एक होती आणि अगदी तळाला, पाटी संपता संपता, कुणीतरी मागाहून बारीक अक्षरात नांदेड लिहिलं होतं. रेणुकादास रोज ती पाटी वरपासून खालपर्यंत वाची आणि मग आत शिरे.

याच्या आधी तो लातूरच्या गंजात, म्हणजे तिथल्या बाजारात, सिद्रामप्पांच्या अडतीवर होता. तिथं खुर्चीच नव्हती, मग नंबर कुठला? एक गादी होती, तिच्यावर सिद्रामप्पा होते, आणि उरलेल्या जागेत बाकी सगळे. रेणुकादास तिथं हिशेब लिही, इंग्रजी तारा वाचून दाखवी, सिद्रामप्पांच्या मंडळींना, नीलम्मांना, देवाला नेऊन आणी आणि घरात बारसं असलं की पंगतीत बुंदी वाढी. पगाराचं विचारलं की सिद्रामप्पांना मनापासून वाईट वाटे.

"आरं रेणुकादासा, तू घरचा मानूस. घरच्या मानसाला पगार देतेत व्हय? तुझ्या काकूला कवा दिला का मी पगार? इचार तिला."

"न्हाई बा, कवाच न्हाई दिला," नीलम्मा आतून म्हणत, आणि विषय संपे. दिवाळीला धोतरजोडी मिळे. मधूनच हातावर थोडे हाली रुपये पडत, पण ते देताना सिद्रामप्पा असा चेहरा करीत की घेणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं.

कंपनीत असं नव्हतं. तिथं पगार पहिल्या तारखेला मिळे, आणि तोही निजामाच्या हाली शिक्क्यात नव्हे, इंग्रजांच्या खणखणीत कलदारात. त्याच्या बदल्यात माणसानं माणसासारखं वागायचं नाही, एवढीच अट होती. दार कुठल्या हातानं उघडायचं, साहेबासमोर किती लांब उभं राहायचं, खोकला आला तर कुठं जाऊन खोकायचं, सगळ्याला नियम. रेणुकादासची नेमणूक दुभाष्याच्या जागेवर होती आणि त्याच्यासाठी नियम असा होता की दुभाष्यानं अधिकारी बोलल्यावरच बोलावं, जेवढं अधिकारी बोलला तेवढंच बोलावं आणि स्वतःचं काही घालू नये. हे त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की घरीसुद्धा आईनं विचारल्याशिवाय तो भूक लागल्याचं सांगत नसे.

दुःख एकच होतं. नोकरी अजून कच्ची होती, आणि तिच्यावर त्याचं लग्न अडलं होतं. मुलगी इंदू, नांदेडच्याच हणमंतरावांची. हणमंतराव मुन्सफ कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले, शिळं इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे आणि दारात आलेल्या गवळ्याशीसुद्धा साहेबासारखा हात मिळवून तो दोनदा वरखाली हलवणारे गृहस्थ होते.

"कच्च्या नौकरीवर पोरगी देणं मुमकिन न्हाई," त्यांनी बजावलं होतं. "कंपनी तुमाला कायम करू द्या. तनखा किती, त्ये मला साफ कळू द्या. मग साखरपुड्याचं बघू."

इंदूनं मात्र बघण्याच्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला होता. "खुर्चीला नंबर कामून असतो? खुर्ची पळून जाती का?" रेणुकादासनं तिला आपल्या खुर्चीचा नंबर सांगितला. पण त्या क्षणापासून तो दुसऱ्या मुलीचा विचार करायच्या लायकीचा राहिला नव्हता.

अशात कंपनीनं टर्नबुल नावाचा नवा साहेब नांदेडला धाडला. साहेब तरुण होता, लाल होता आणि लंडनहून आलेलं प्रत्येक पत्रक तो पोथीसारखं वाचत असे. नुकतंच एक पत्रक आलं होतं: अधिकाऱ्यांनी दलाल मधे न घालता स्वतः बाजारात जावं आणि स्थानिक व्यापाऱ्यांशी उबदार व घट्ट हस्तांदोलन करून संबंध जोडावेत. खरेदीचं पुढं बघता येईल, आधी संबंध. साहेबानं रेणुकादासला बोलावलं.

"दास, आपण लातूरला जाऊ. दौरा नीट पार पडला तर परत आल्यावर तुझ्या कायमच्या कागदावर मी सही करीन."

रेणुकादासनं तोंडावरचा आनंद नियमाप्रमाणे आवरला. बाहेर जाऊन, खोकायची जागा होती तिथं, तो एकटाच हसून आला.

दिवाळी होऊन शेंगांचा हंगाम ऐन भरात आलेला. आभाळात ढगाचं चिरगूटसुद्धा नव्हतं. पण ब्लेकनी ब्रदर्सच्या अधिकाऱ्यानं दौऱ्यावर रेनकोट नेलाच पाहिजे, असा नियम होता. हा नियम रंगूनच्या पावसासाठी केलेला. एकाच कंपनीत दोन नियम बरे दिसत नाहीत म्हणून तो मोंबासाला आणि नांदेडलाही लागू झाला होता. कंधार, रेणापूर करत मोटार लातूरला पोचेपर्यंत साहेब घामानं निथळला होता. रेनकोट अंगात घालणं अशक्य आणि मोटारीत टाकून जाणं नियमाविरुद्ध. म्हणून त्यानं तो उजव्या हातावर टाकला. कोपरापासून बोटांपर्यंत हात झाकून गेला. तसाच तो गंजात उतरला.

आता वाचकहो, इथं लातूरच्या गंजाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण ती साहेबाला कुणी सांगितली नव्हती. तिथं शेंगांचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा राशीशेजारी उभे राहत, दोघांच्या हातांवर उपरणं टाकत आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरत. जितकी बोटं, तितका भाव. आजूबाजूच्या चोंबड्यांना काही कळत नसे. पटलं नाही की हात सोडायचा, पटलं की धरलेला हात वरखाली हलवायचा. हात हलला की ती रास विकली गेली. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही, आणि हललेला हात कुणी मोडल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

पहिल्याच राशीशी सिद्रामप्पा उभे होते. कंपनीवाला साहेब येणार म्हणून त्यांनी नवा पटका बांधला होता. साहेब सरळ त्यांच्यापर्यंत गेला, प्रसन्न हसला आणि रेनकोटासकट उजवा हात पुढं केला.

सिद्रामप्पा क्षणभर चकित झाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आदर पसरला की तो त्यांनी तहसीलदाराला सुद्धा कधी दाखवला नव्हता. परदेशी माणूस, पण रीत किती बरोबर पाळतो! त्यांनी आपला हात रेनकोटाखाली सरकवला. साहेबानं एकदोन बोटांचा खेळ केलाच नाही. पत्रकात लिहिल्याप्रमाणे त्यानं उबदारपणे, घट्ट, आख्खा पंजा धरला आणि दणादण वरखाली हलवला.

"हाऊ डू यू डू," साहेब म्हणाला.

सिद्रामप्पांचे डोळे विस्फारले. लातूरच्या गंजात चार बोटांच्या वर भाव कधी चढला नव्हता, आणि इथं घासाघीस न करता पाची बोटं!  नियमाचं पुस्तक क्षणभर विसरून रेणुकादास पुढं झाला.

"सर, तो रेनकोट..."

"पाऊस नाही, ते मला दिसतंय दास," साहेब इंग्रजीत म्हणाला आणि आपल्या विनोदावर हसला. "आणि मी बोलल्यावरच तू बोलायचंस. कायम व्हायचंय ना?"

रेणुकादास मागं सरकला आणि सिद्रामप्पांच्या कानाशी लागला. "अप्पा, ऐका. ते तसं नव्हतं. साहेबानं फक्त..."

"गप," सिद्रामप्पा ओठ न हलवता म्हणाले. "सौद्याच्या वक्ताला तिसऱ्यानं तोंड घालू न्हाई. कंपनीत जाऊन रीत इसरलास व्हय? पर साहेबाला बेस शिकवून आनलास बरं का. आखीर घरचाच तू."

जुना मालक आणि नवा मालक यांचं आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की रेणुकादासनं तोंड उघडायचं नाही. ते त्यानं उघडलं नाही. नोकरी, खुर्ची आणि इंदू, तिन्ही त्याला मिटलेल्या दातांत अडकल्यासारखी वाटत होती.

साहेब पुढच्या राशीकडे वळला. हाऊ डू यू डू. पंजा, दणका, सौदा. मग त्याच्या पुढची. तोवर बातमी गंजभर पसरली होती की एक साहेब आलाय, लई दिलदार हाय, बोलत न्हाई, पाची बोटं धरतो आन् हात हलवून मोकळा होतो. अडत्यांनी उघड्या जागेत भराभर राशी ओतायला सुरुवात केली. शिवमूर्ती नावाच्या अडत्याचा सगळा माल आदल्या दिवशीच विकला गेला होता. तो घरी पळाला, बियाण्याला ठेवलेल्या शेंगा घेऊन आला, जागेवर ओतल्या आणि धापा टाकत त्यांच्याशेजारी उभा राहिला. साहेबानं त्याच्याशी विशेष घट्ट हात मिळवला, कारण माणूस मेहनती दिसत होता.

सगळ्यात शेवटी रेवणप्पा उभा होता. त्याच्याजवळ शेंगा नव्हत्या, एक बैल होता. "बैल बी घेतेत का साहेब?" त्यानं रेणुकादासला विचारलं. रेणुकादास बोलायच्या आत साहेबानं त्याचाही पंजा हलवला होता.

"लोक किती प्रेमळ आहेत, दास!" डाक बंगल्याकडे परतताना साहेब म्हणाला. "आमच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी यांना कधी जवळच केलं नाही."

सकाळी साहेब चहासाठी व्हरांड्यात आला तेव्हा त्याला बाग दिसली नाही. बागेच्या जागी पोती होती. फाटकापासून पायरीपर्यंत पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, बाहेर रस्त्यावर आणखी गाड्या उभ्या होत्या आणि गुलाबाच्या ताटव्यात रेवणप्पाचा बैल निवांतपणे रवंथ करत होता. थप्प्यांच्या मधोमध सगळे अडते अंघोळी करून, कपाळाला भस्म लावून बसले होते.

"दास! हे काय आहे?"

"शेंगा, सर."

"ते दिसतंय. कुणाच्या?"

"आपल्या, सर. तो बैलही."

आता अधिकारी बोलला होता, प्रश्न विचारला होता, तेव्हा रेणुकादासला बोलायची मोकळीक होती. त्यानं उपरणं, बोटं, हलवलेला हात, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता साहेबाचा लाल रंग उतरत गेला. इतक्यात सिद्रामप्पा उठून हसत पायरी चढले आणि सकाळच्या गारव्यासाठी साहेबानं हातावर टाकलेल्या रेनकोटाकडे बघत त्यांनी आपला हात पुढं केला. साहेबाचा हात सवयीनं उचलला गेला. रेणुकादासनं झेप घेतली आणि रेनकोट ओढून छातीशी धरला.

"माझ्या वस्तूला हात लावलास?" साहेब ओरडला.

"सर, आणखी एक गोदाम आलं असतं."

साहेब खुर्चीत बसला. मग उठला आणि आवाज चढवून म्हणाला, "यांना सांग, मी काहीही विकत घेतलेलं नाही. मी फक्त नमस्कार केला."

रेणुकादासनं ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.  सिद्रामप्पांना पगार मागितल्यावर व्हायचं तसं वाईट वाटलं.

"नमस्कार?" त्यांनी दोन्ही हात जोडले. "साहेबाला सांग, ह्येला म्हंतेत नमस्कार. दोन हातानं, चार मानसात, उघड्यावर. एका हातानं कपड्याखाली जे व्हतं, त्याला आमी सौदा म्हनतो. आन् एका गड्यापाशी न्हाई, समद्या गंजापाशी केला त्येनं."

"त्यांना सांग, कंपनी हे मान्य करत नाही."

"नका करू," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. "फकस्त मंग आजपून तुमच्या पोत्याला हिथला हमाल हात लावनार न्हाई, गाडीवाला गाडी जुपनार न्हाई, आन् रेणापुरापातूर कुनी तुमाला पानी इचारनार न्हाई. हललेला हात हाय."

हे बोलणं होईपर्यंत आतून खानसामा आला आणि त्यानं साहेबापुढचा चहाचा कप उचलून नेला. तो शिवमूर्तीचा शेजारी होता. पाठोपाठ पावाचा तुकडाही गेला. साहेबानं त्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि त्याला कंपनीच्या प्रतिष्ठेची जाणीव झाली. सौदा मान्य आहे, असं तो म्हणाला. कप परत आला, फक्त चहा गार झाला होता.

मग मुंबईला तार करणं भाग होतं. साहेबानं मजकूर सांगितला आणि रेणुकादासनं लिहून घेतला: दुभाष्याच्या गलथानपणामुळे लातूरच्या सगळ्या शेंगा आणि एक बैल कंपनीच्या गळ्यात पडला आहे, दुभाष्याला काढून टाकण्याची परवानगी द्यावी.

"नीट लिहिलंस?" साहेबानं विचारलं.

"हो सर. एक शब्दही माझा घातला नाही."

ती तार घेऊन तो स्वतःच तारघराकडे निघाला. वाटेत सिद्रामप्पांनी गाठलं आणि मजकूर ऐकून कपाळाला हात लावला.

"आरं येड्या, तुझ्याच गळ्यावरची सुरी तूच धार लावून नेतूस? फाडून फेक की!"

"नाही अप्पा, कंपनीत असं चालत नाही."

"चालत न्हाई म्हनं! माझ्या हितं कवा आला व्हता असा परसंग? मी पगार दिला नसंल, पर तुला काढून टाकायचं कवा मनात बी आनलं न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं. पगारच नसलेल्या माणसाला काढून टाकून सिद्रामप्पांचं काय वाचणार होतं? पण त्या घटकेला रेणुकादासला खरोखर भरून आलं. डोळे पुसून त्यानं तार केली आणि पावती मात्र कंपनीच्या नावानं घेतली.

मुंबईच्या उत्तराची वाट बघत साहेब डाक बंगल्यात पोत्यांच्या गराड्यात बसून राहिला. अडते रोज येत आणि लांबून, दोन्ही हात जोडून, नमस्कार करत. बैल गुलाब संपवून शेवंतीकडे वळला. रेणुकादास रेनकोट कुलपात ठेवून किल्ली कमरेला बांधून हिंडत होता. इंदूचं तोंड आता आपल्याला नांदेडच्या रस्त्यावर लांबूनच दिसणार, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

उत्तर आलं, पण ते वेगळंच होतं. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात शेंगांचं पीक बुडालं होतं आणि भाव एकदम असा चढला होता की पाच बोटं काय, दोन्ही हातांची बोटं कमी पडावीत. बाकीच्या कंपन्या शेंगा हुडकत फिरत होत्या आणि ब्लेकनी ब्रदर्सकडे सगळं लातूर थप्प्या लावून तयार होतं. मुंबईनं अभिनंदन कळवलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, की हे सगळं त्या दुभाष्यामुळे झालं असेल, तर त्याचं पूर्ण नाव कळवावं.

रेणुकादासनं तार वाचून दाखवली.  कायमची सही, साखरपुडा, नव्या खुर्चीचा नवा नंबर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं.

"कागद घे," साहेब म्हणाला. "लिही. आधीच्या तारेत नजरचूक झाली होती. या खरेदीत दुभाष्याचा काडीचाही संबंध नाही. सर्व व्यवहार मी स्वतः, एक शब्दही न बोलता, थेट पद्धतीनं केला."

रेणुकादासनं तेही लिहिलं. तेही जसंच्या तसं, आणि तेही स्वतःच तारघरात नेऊन दिलं. आधी त्याच्यामुळे झालं म्हणून तो जाणार होता, आता त्याच्यामुळे झालं नाही म्हणून उरणार होता, एवढंच समाधान त्यानं मानलं. पण कंपनीचा विचार त्याच्याहून पुढं गेला होता. महिना उलटायच्या आत टर्नबुल साहेबाला बढती मिळून तो रंगूनला गेला. लंडनहून पत्रक निघालं की टर्नबुल पद्धत सगळ्या शाखांत सुरू करावी आणि अधिकाऱ्यानं रेनकोट उजव्या हातावर, बोटं झाकतील असा घ्यावा. मोंबासाच्या व्यापाऱ्यांना त्याचा काय अर्थ लागला, कोण जाणे. त्याच पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं, की ज्या पद्धतीत एक शब्दही बोलावा लागत नाही तिथं दुभाष्याचं कामच काय? सबब ही जागा रद्द करण्यात येत आहे.

कचेरीसुद्धा कंपनीनं आवरती घेतली. नोकर ठेवायचे, त्यांना पहिल्या तारखेला कलदार द्यायचे, खुर्च्या मोजायच्या, कशाला हा व्याप? त्यापेक्षा लातूरच्या एका अडत्याला एजन्सी दिली की काम तेच होतं. एजन्सी अर्थात सिद्रामप्पांना मिळाली. पाटी आली, नियमाचं पुस्तक आलं, एजंट म्हणून सिद्रामप्पांना एक रेनकोट आला आणि नांदेडच्या कचेरीतली एक खुर्चीही आली. रेणुकादासनं नंबर पाहिला. ती त्याचीच होती.

तो खुर्चीपाठोपाठ आला होता. सिद्रामप्पांनी त्याला पोटाशी धरलं.

"इंग्रजी वाचायला तुझ्याबगर हाय कोन मला? बस. आता तू कंपनीचा बी आन् घरचा बी."

"अप्पा, या खेपेला पगार ठरवूनच बसतो."

"ठरव की! रीतीनं ठरवू." सिद्रामप्पांनी उपरणं टाकलं, त्याच्याखाली रेणुकादासचं एक बोट धरलं, बराच विचार करून तेही अर्ध्यावर आणलं आणि हात हलवला. वर कंपनीची पाटी, कंपनीचे नियम, कंपनीचं काम. आणि पगार अडतीवरचा, अर्ध्या बोटाचा, हालीत, तोही सिद्रामप्पांना सवड होईल तेव्हा. रेणुकादासला दोन्हीकडचं एकदमच मिळालं होतं. खुर्चीवर मात्र सिद्रामप्पा कुणाला बसू देत नसत. तिच्यावर रेनकोट ठेवलेला असे आणि रेणुकादास ती रोज पुसून काढी.

राहता राहिले हणमंतराव. कंपनीची लातूरला शाखा झाली, हे त्यांनी शिळ्या वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि त्यांचाच निरोप आला. रेणुकादास वडीलधारं माणूस म्हणून सिद्रामप्पांना घेऊन नांदेडला गेला. सिद्रामप्पा कडक उन्हात रेनकोट हातावर टाकून आले होते. तो पाहताच हणमंतरावांना एजंट म्हणजे काय याची पुरती कल्पना आली.

"पाटी कंपनीचीच ना?" त्यांनी विचारलं.

"हाव. लंडनहून आली," सिद्रामप्पा म्हणाले.

"खुर्ची?"

"तीच. नंबर बी तोच."

"शाब्बास! मग मसला मिटला." हणमंतराव रेणुकादासकडे वळले. आतल्या दारापाशी इंदू चहाचे कप घेऊन उभी होती. "आता फक्त तनखा सांगा, जनाब. किती?"

 खरं बोललं तर इंदू गेली. खोटं बोलायची रेणुकादासला हिंमत नव्हती. आयुष्यभर तो फक्त दुसऱ्यांनी सांगितलेलंच जसंच्या तसं बोलत आला होता. त्यानं इंदूकडे पाहिलं, मग सिद्रामप्पांकडे, मग त्यांच्या हातावरच्या रेनकोटाकडे. आणि जन्मात पहिल्यांदा, कुणी न सांगता, तो स्वतःचं बोलला.

"आमच्या धंद्यात आकडा तोंडानं बोलत नाहीत, पेशकारसाहेब. हात आणा इकडं."

त्यानं रेनकोट घेतला, हणमंतरावांच्या हातावर टाकला आणि त्याच्याखाली त्यांचं एक बोट धरलं. मग सिद्रामप्पांनी आणलं होतं तसंच, प्रामाणिकपणे, अर्ध्यावर आणलं. एका कणाचंही खोटं त्यात नव्हतं. हणमंतरावांना बाजाराचा गंध नव्हता. अर्धं बोट म्हणजे काय हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं, पण कळलं नाही असं कबूल करणं त्यांना त्याहून अशक्य होतं. सगळी हयात कोर्टात मुन्सफाचं बोलणं न समजता मान हलवण्यात गेलेली. त्यांनी भुवया उंचावल्या, गंभीर झाले, मनातल्या मनात कलदारात काहीतरी धरलं आणि एकदम खूश झाले.

"उम्दा!" ते म्हणाले, आणि सवयीप्रमाणे साहेबासारखा रेणुकादासचा पंजा धरून दोनदा वरखाली हलवला.

"हालला!" सिद्रामप्पा ओरडले. "हात हालला! आता मोडता येत न्हाई पेशकारसाहेब. काडा साखर."

इंदू कप ठेवून पुढं आली. "पर किती, बाबा?"

"असं उघड इचारायचं नसतं," हणमंतराव मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "रिवाज हाय तो."

इंदूनं वडिलांकडे पाहिलं, रेणुकादासच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि मग रेनकोटाकडे. "आन् एवढ्या उन्हात ह्यो कामून आनलाय?"

रेणुकादासनं घाईघाईनं रेनकोटाची घडी घालून तो काखेत मारला. सिद्रामप्पांनी मुलीकडे कौतुकानं निरखून पाहिलं आणि साखरेची चिमूट तोंडात टाकली.

"पोरगी लई हुशार हाय रं. लगीन झालं की हिसाबाला हिला बी अडतीवर बसवू. आता ती बी घरचीच."